कानाने शोधलेला कागद

"ताई, तुमच्या कानात भांडण लागलंय का कोणाचं?" दीपकने विचारले.

सुचित्राने एका कानावरचा हेडफोन बाजूला सारला. "का रे? बाहेर ऐकू येतंय?"

"ऐकू येतंय, पण कळत काय नाय. नळावर चार बायका एकदम बोलाव्यात तसं."

"एकच बाई आहे. जरा घाईत असते."

कॉम्प्युटरवर जी अक्षरे उमटतील ती वाचून दाखवणारा तो आवाज होता. सुचित्राने त्याचा वेग इतका वाढवून ठेवला होता की दुसऱ्या कोणाला त्यातला एक शब्द सुटा ऐकू येऊ नये. तिला मात्र प्रत्येक शब्द वेगळा कळत होता. तिला जन्मापासून दिसत नव्हते आणि तिचे सगळे आयुष्य आवाज निवडण्यात गेले होते.

परळच्या या हॉस्पिटलात ती टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली, तेव्हा तिच्या घरच्यांनी नायगावच्या चाळीत पेढे वाटले होते. बोर्डवर बसली की सारे हॉस्पिटल तिच्या बोटांखाली असायचे. कोणते डॉक्टर बोलताहेत ते त्यांनी तोंड उघडायच्या आधी, नुसत्या श्वासावरून तिला समजे. मग तीन वर्षांपूर्वी नवी यंत्रणा आली. बाहेरून फोन लावणारा माणूस स्वतःच आकडे दाबून हव्या त्या वॉर्डात पोहोचू लागला. बोर्ड उचलून नेला आणि सुचित्राला चौकशीच्या खिडकीमागे एक खुर्ची मिळाली. पगार वेळेवर येत होता. काम येत नव्हते. येणारेजाणारे म्हणत, "बसा आरामात." आराम हा शब्द तिला शिवीसारखा लागू लागला.

तिने कॉम्प्युटर शिकायचे ठरवले, तर तोही तिला दारातच अडवू लागला. हॉस्पिटलच्या नव्या प्रोग्रॅममध्ये बोटे फिरवली की कानात आवाज येई, "ग्राफिक. ग्राफिक. बटन." कसले बटन, ते सांगायची सोय कोणी केलीच नव्हती.

शेवटी तिने रमाकांतला फोन केला. रमाकांत तिचा अंधशाळेतला वर्गमित्र, एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात होता.

"खिडक्या, चित्रं, तो सरकणारा बाण, हे सगळं डोळसांचे लाड आहेत गं," तो म्हणाला. "त्याच्या पोटात एक साधं काळं पान असतं. तिथे चित्रबित्र काही नाही. तू अक्षरं लिहायचीस, तो अक्षरांत उत्तर देणार."

"काय लिहू?"

"डी, आय, आर. लिही आणि एंटर दाब. कप्प्यात काय काय आहे ते सांगेल."

तिने लिहिले. आवाज बोलू लागला तो थांबेचना. प्रत्येक फाइलची तारीख, वेळ, आकार आणि मग कुठे नाव. "अरे, हा तर कीर्तनाला बसलाय," ती म्हणाली. रमाकांत मनापासून हसला आणि त्याने पुढची खूण सांगितली. डीआयआरनंतर एक तिरकी रेघ आणि बी. आता नुसती नावे आली, एकाखाली एक, स्वच्छ. पुढच्या रविवारी एस शिकवला, म्हणजे आतल्या कप्प्यांतही शोधेल. मग तारा, कळफलकावरची चांदणीची खूण. ताऱ्याच्या जागी काहीही चालेल. नावाचा मधला तुकडा माहीत असला तरी पुरे. सुचित्राला वाटले, कोणीतरी बंद घराचे दार उघडून तिला सांगते आहे, ये, आत ये आणि काय आहे ते हाताने बघ.

रेकॉर्ड रूममध्ये जुन्या रुग्णांचे कागद स्कॅन करून ठेवले होते, वर्षवार कप्पे करून. ते शोधायचे काम दीपकचे. एकेका वर्षात इतक्या फाइली होत्या की कप्पा उघडला की पडदा पांढरा पडून कॉम्प्युटर अडकायचा आणि दीपकची शिवी ऐकू यायची. सुचित्रा सीमा मॅडमकडे गेली. त्या प्रशासन अधिकारी.

"शोधायचं काम मला द्या," ती म्हणाली.

मॅडमनी पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. "तुम्हाला कागद वाचता येणार नाही, परुळेकर."

"वाचेल दीपक. मी शोधीन."

"सोमवार घ्या. ओपीडीची गर्दी असते. निभावलंत तर ऑर्डर काढते. नाही निभावलं तर पुन्हा विषय काढायचा नाही. कबूल?"

"कबूल."

हा तो सोमवार होता.

सकाळ चांगली गेली. वॉर्डातून फोन येई, सुचित्रा डाव्या कानाने तो ऐके, उजव्या कानात हेडफोन. नाव किंवा केस नंबर टाकला की फाइल कुठे आहे ते उत्तर हजर. मग दीपक ती उघडून छापत असे. त्याच्या शिव्या आज बंद होत्या. "ताई, असंच चाललं तर माझं ब्लडप्रेशर खाली येईल हां," तो म्हणाला.

साडेअकराच्या सुमारास एमआरआयमधून फोन आला. पेशंटच्या डोक्यात पूर्वीच्या ऑपरेशनची क्लिप, रक्तवाहिनीला लावलेला बारीक चिमटा, होती. ती कोणत्या धातूची आहे ते कळल्याखेरीज त्याला मशीनमध्ये घेता येणार नव्हते, कारण काही जुन्या क्लिपा मशीनच्या चुंबकाने आत सरकतात. कागद दुपारच्या आत मिळाला नाही तर पुढची तारीख महिन्यानंतरची. पेशंटची बायको रेकॉर्ड रूमकडे निघाली होती.

ती आली ती धापा टाकत. तिच्या मागोमाग दाराशी एक ओळखीचा सेंटचा वास येऊन थांबला. सीमा मॅडम.

"नाव काय आजी?" दीपकने विचारले.

"माजा काय करतास? तेंचा घे. कुशाबा घाग. मी रखमा."

"ऑपरेशन कुठल्या साली झालं?"

"साल काय ठाऊक नाय रे बाबा. धाकल्याचा लगीन झाला, त्याच्या आदल्या वर्साक."

"आणि धाकट्याचं लग्न कधी झालं?"

"आंब्याच्या दिवसांत."

दीपकने कपाळावर हात मारल्याचा आवाज झाला. सुचित्राला हसू आले. "असू दे आजी. साल नको. नाव आहे ना, बस."

तिने लिहिले. डीआयआर, एस, बी, तारा, कुशाबा, तारा. एंटर.

"फाइल नॉट फाउंड," आवाज म्हणाला.

तिने नुसते आडनाव टाकून पाहिले. फाइल नॉट फाउंड.

"गावला?" रखमाने विचारले.

"बघतेय."

"थोडं बघा, नाही तर दीपक एकेक वर्ष उघडेल," मागून सीमा मॅडम म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यात कीव होती, आणि ती सुचित्राच्या चांगली ओळखीची होती.

"उघडतो मी, मॅडम," दीपक पुटपुटला, "पण संध्याकाळ होईल."

रखमा खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. "बाय गो," ती हळूच म्हणाली, "ते थंय स्ट्रेचरवर पडान आसत. सकाळपासना पोटात चायचो घोट नाय. काय तरी कर."

सुचित्राने बोटे कळफलकावरून उचलली आणि मांडीवर ठेवली. अनोळखी रस्त्यावर वाट चुकली की ती पावले टाकत सुटत नसे. थांबत असे. आपण कुठे उभे आहोत ते आधी कळले पाहिजे, मग काठी पुढे टाकायची. लहानपणापासूनची सवय. इथे ती कुठे उभी होती?

तिने कॉम्प्युटरला तेच विचारले. सी, डी, एंटर.

आवाजाने उत्तर दिले. ती एकाच वर्षाच्या कप्प्यात उभी होती. मघाशी एका रुग्णाची सगळी कागदपत्रे ऐकायला ती त्या कप्प्यात शिरली होती आणि बाहेर पडायचे विसरली होती. म्हणजे शोध त्या एकाच वर्षात चालला होता. बाकीची सगळी वर्षे दाराबाहेर!

"काय झालं?" मॅडमनी विचारले.

"काही नाही. खोलीत उभी राहून सबंध चाळीला हाक मारत होते."

ती सगळ्यांत बाहेरच्या कप्प्यात आली. मघाची नावाची ओळ परत येईपर्यंत वरच्या बाणाची कळ दाबली. एंटर. कानात शांतता. ती थोडी लांबली. पूर्वी बोर्डवर पलीकडे घंटी वाजत असतानाची जशी शांतता असायची, तशी.

मग आवाज बोलला. वर्षाचे नाव, त्याच्या आतला सर्जरीचा कप्पा, त्याच्या आत कुशाबा घाग. एकच ओळ, सबंध हॉस्पिटलातून.

"दोन हजार नऊ!" ती जवळजवळ ओरडलीच. "सर्जरी! दीपक, मी ओळ पाठवली तुझ्याकडे, उघड!"

दीपकच्या खुर्चीची चाके करकरली. "उघडली. आली, ताई. ऑपरेशन नोट... थांबा, थांबा... क्लिप... टायटॅनियम. मॉडेल नंबरपण आहे!"

सुचित्राचा हात आधीच फोनवर होता. एमआरआयच्या टेक्निशियनने नंबर दोनदा लिहून घेतला, त्यांच्या डॉक्टरांना दाखवला आणि परत फोनवर येऊन म्हणाला, "चालेल. घेतो आत. छापील प्रत पाठवा."

"काय म्हणालो तो?" रखमाने विचारले.

"आत घेतायत, आजी. जा लवकर. हा कागद घेऊन जा."

रखमा गेली नाही. तिने सुचित्राचा हात शोधला, दोन्ही खरबरीत हातांत धरला आणि म्हणाली, "तुका दिसता तरी कसा गो येवढा?"

दीपक खो खो हसला आणि त्याच्या मागोमाग सुचित्राही, खूप दिवसांनी असे पोट धरून. सीमा मॅडम हसल्या नाहीत. त्या टेबलाजवळ आल्या आणि म्हणाल्या, "परुळेकर, ही फोनची वायर फार आखूड आहे. लांब घालून घ्या. रोज बसायचं म्हणजे नीट बसा."

त्या गेल्यावर दीपक खुर्ची सरकवत जवळ आला. मग म्हणाला, "रोज म्हणाल्या, ताई."

"ऐकलं."

पुढे वॉर्डांतून फोन येतच राहिले. रेकॉर्ड रूममधून कागद लगेच मिळतो ही बातमी मजल्यामजल्यावर पोहोचली असावी, कारण ज्यांना तातडी नव्हती तेही मागू लागले. सुचित्राने कोणाला नाही म्हटले नाही. मध्ये एकदा दीपक चहा सांगून आला. तो चहा कधी आला आणि कधी निवला, तिला समजले नाही.

चार वाजून गेले होते, तेव्हा तिला एकदम जाणवले की पोटात कावळे ओरडताहेत. तिने पिशवीतून डबा काढला. चपात्या वातड झाल्या होत्या, वांग्याची भाजी गारढोण झाली होती. तीन वर्षे ती बरोबर साडेबाराला जेवत होती, कारण साडेबारा वाजण्याची वाट बघण्याखेरीज दुसरे काही करायला नव्हते. तिने पहिला घास घेतला. इतकी चवदार भाजी आपण कधी केली होती, हे तिला आठवेना.

फोन वाजला. उजवा हात खरकटा होता. तिने तो डब्यावरच धरून ठेवला आणि डाव्या हाताने फोन उचलला.