चालून दाखवा

बुटांच्या त्या दुकानात एक रीत होती. बूट पायात घातले की गिऱ्हाइकाने दारापर्यंत चालून यायचं. मालक खाली स्टुलावर बसून टाचांकडे बघायचे आणि त्यांची मान हलली तरच बूट खोक्यात जायचे. अलीकडे मात्र लोक चालून बघायचे, आतल्या नंबराचा फोटो काढायचे, ‘घरी विचारून येतो’ म्हणायचे आणि फोनवरून बूट मागवायचे. घरी इतकं विचारणारे नवरे अचानक आले कुठून, असं मालकांची बायको गल्ल्यावरून विचारायची. “तुमचा सल्ला फुकट, बूट विकत. लोक फुकटचं तेवढं नेतात.”

दुकानाची जागा एका पार्सलवाल्या कंपनीला हवी होती. संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. मालक सकाळपासून ठणकावून ‘नाही’ म्हणत होते, पण फोन हातात नसताना.

दुपारी ‘आपली दुकानं वाचवा’ समिती सत्काराला आली. पुढे अध्यक्ष, मागे चारपाच माणसं आणि एक कॅमेरावाला. आपल्याला वाचवायला कुणीतरी आलंय म्हटल्यावर मालकांचं ‘नाही’ जरा घट्ट झालं. अध्यक्ष बोलायला लागले. जाणकार नजर, आपुलकीचा हात, हे यंत्राला जमणार आहे का वगैरे. मालकांची मान आदराने खाली गेली, आणि खाली अध्यक्षांचे बूट होते.

तपकिरी, नाडीचे. गेल्याच आठवड्यात असेच बूट घालून अध्यक्ष इथे तीनदा दारापर्यंत जाऊन आले होते. मालकांनी अंगठा दाबून बघून सांगितलं होतं की तुमचा डावा पाय रुंद आहे, हा आठ नंबर चावणार, नऊ घ्या, आत पातळ तळवा घालून देतो. फोटो काढून घरी विचारायला गेलेले अध्यक्ष आज आठ नंबरात उभे होते. फोनवर सूट बहुतेक आठलाच असावी. सगळा भार उजव्या पायावर टाकून ते दुकानं वाचवत होते.

टाळ्या झाल्या, फोटो झाला. समिती शेजारच्या शिंप्याला वाचवायला निघाली, तसे अध्यक्ष मागे रेंगाळले.

“मालक, डावा जरा चावतोय हो. तुमचा तो लाकडी साचा आहे ना, तो घालून सैल करून द्या. आपलेच आहात.”

“काढा,” मालक म्हणाले. “दोन्ही.”

अध्यक्षांनी काढले. मालकांनी आधी फोन उचलला. कंपनीला सांगितलं, जागा तुमची, उद्याच या. मग बूट एका रिकाम्या खोक्यात कोंबले आणि खोकं गल्ल्यावर आपटलं.

“हे पहिलं पार्सल. मिळेल तेव्हा मिळेल.”

“अहो, पण मी घरी जाऊ कसा?”

मालक स्टुलावर बसले. “दारापर्यंत चालून दाखवा.”

अध्यक्ष मोज्यांवर निघाले. पाठीमागे मालकांची मान हलली. बायको खोक्याला चिकटपट्टी गुंडाळत राहिली, कचकचून, पट्टी संपेपर्यंत.