कोणाच्या मीटरवर

आमच्या घरात टूथपेस्टची ट्यूब संपत नाही, ती संपवावी लागते. आधी शेपटाकडून लाटण्याने लाटायची, मग कात्रीने उभी चिरायची आणि आतून जे काही चिकटलेलं असेल त्यावर आणखी दोन-तीन सकाळी काढायच्या. साबणाच्या चिपट्या जुन्या मोज्यात भरायच्या आणि त्या पुरचुंडीने बेसिन घासायचं. शर्ट फाटला की आधी गुंड्या उतरवून डबीत, मग शर्टाचं फडकं, आणि फडकं विरलं की ते पायपुसण्याच्या पोटात. बाजारात जायचं ते पोटभर जेवून, म्हणजे नको ते घ्यावंसं वाटत नाही. हे सगळं राज्य सासूबाईंचं. त्या गेल्या, पण जाताना दोन मुलगे असे घडवून गेल्या की खोलीतला दिवा बंद केल्याशिवाय त्यांचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्यांची परिस्थिती बेताची दिसते. तसं काही नव्हतं. पैसा होता, तो खर्च करणं जिवावर येत होतं.

थोरले भाऊजी कारखान्यात फिटर. आमचे हे चष्म्याच्या दुकानात काउंटरवर. एकाच जिन्यावर समोरासमोर दोन दारं, डावं त्यांचं, उजवं आमचं, आणि मध्ये जेमतेम एक पलंग मावेल एवढी जागा. पूर्वी दोन्ही दारं दिवसभर सताड उघडी असायची. मग स्कूटरचं प्रकरण झालं.

स्कूटर सासऱ्यांची. ते गेल्यावर ती जिन्याखाली गंजत पडली होती. सुरू होत नव्हती, पण हे दर रविवारी खाली जाऊन तिला पुसायचे. लहानपणी दोघं भाऊ तिच्यावरून वडिलांच्या मागेपुढे बसून शाळेत गेलेले. पुढे इमारतीच्या मालकाने जिन्याखालच्या जागेचं भाडं मागायला सुरुवात केली, तशी भाऊजींनी एक दिवस भंगारवाल्याला बोलावून ती देऊन टाकली. यांना विचारलं नाही. संध्याकाळी हे घरी आले, त्या रिकाम्या जागेपाशी थोडे थांबले, आणि वर येऊन भावाला जे काय बोलायचं ते एकदाच बोलले. भाऊजी मूग गिळून बसले. त्यानंतर दोन वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. जिन्यात गाठ पडलीच तर एक भिंतीकडे बघायचा आणि दुसरा चपलांकडे.

तेव्हाच दोघांनी आपापल्या बायकोला बजावलं होतं की आता सगळं वेगळं. इस्त्री वेगळी, शिडी वेगळी, वर्तमानपत्र वेगळं, वॉशिंग मशीन वेगळं. जाऊबाईंनी आणि मी गच्चीवर कपडे वाळत घालता घालता या वेगळेपणाचा विचार केला. जाऊबाई माझ्याहून मोठ्या, बोलायला कमी, आणि गरज पडली तर पापणी न हलवता थाप मारणाऱ्या. त्या म्हणाल्या की या दोघांना समजावण्यात काही अर्थ नाही, एवढंच म्हणायचं की परवडत नाही. खरं तर परवडलं असतं. पण सासूबाईंच्या मुलांपुढे 'परवडत नाही' म्हटलं की पुढे वाद घालायची सोय राहत नाही. मी यांना सांगितलं, जाऊबाईंनी भाऊजींना सांगितलं, आणि दोघांचाही राग त्या दोन शब्दांपुढे जागच्या जागी लंगडा पडला.

म्हणून सुरुवातीला दोन घरांत एकच इस्त्री फिरली. शिडी त्यांच्याकडे राहिली आणि मशीन आमच्या बाल्कनीत. वर्तमानपत्र आधी भाऊजी वाचायचे आणि कामावर निघताना आमच्या दाराखालून आत सरकवायचे. त्यातलं शब्दकोडं ते पेन्सिलीने सोडवायचे, पण फक्त आडवे शब्द. उभे सगळे रिकामे. हे चहा पिताना एक अक्षर न बोलता उभे शब्द भरायचे. मी एकदा विचारलं की हे असं अर्धंच का ठेवतात, तर हे म्हणाले, त्याला उभे कधीच यायचे नाहीत. मला ते काही पटलं नाही.

पुढे यांनी फोनवर बातम्या वाचायला सुरुवात केली. फोनवर म्हणजे फुकट, आणि फुकट म्हटल्यावर मी काय डोंबल बोलणार? माझंच शस्त्र माझ्यावर उलटलं. नंतर भाऊजींना कारखान्यातून इस्त्री भेट मिळाली. शिडीचा पाय मोडला. एकेक करत सगळं गळालं आणि मशीन तेवढं उरलं. आठवड्यातून दोनदा जाऊबाई बादली घेऊन यायच्या, आमचं दार उघडायचं, कधी मागून भाऊजी जड चादरींची दुसरी बादली उंबऱ्याशी आणून ठेवायचे आणि आत न बघता परत जायचे. पण यायचे.

आणि एका बुधवारी कपडे पिळता पिळता मशीनने आतून असा दणका दिला की खालच्या मजल्यावरून माणूस विचारायला आला.

दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण उघडलं. मोटर ज्याने धरलेली असते तो बोल्ट तुटला होता, मोटर खाली लोंबकळत होती आणि पट्टा निसटला होता. हे मॉडेल फार जुनं, या मापाचा बोल्ट आता मिळत नाही, अख्खा संच बदलावा लागेल, त्यापेक्षा नवीन घ्या, असं सांगून तो नुसतं बघण्याचे पैसे घेऊन गेला. ते पैसे देताना यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. रात्री जेवताना हे म्हणाले, बरंच झालं, आता आपण आपलं छोटं मशीन घेऊ. दोघांपुरतं. त्यांचं ते बघतील.

छोटं मशीन आलं की जाऊबाईंनी बादली घेऊन यायचं कारण नाही, आणि भाऊजींनी उंबऱ्यापर्यंत येण्याचंही नाही. दोन दारं एकदा बंद झाली की मग ती बंदच राहतात, हे मी माझ्या माहेरी पाहिलंय. तिथे दोन काका एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे म्हातारे झाले आणि एकमेकांच्या आजारपणाच्या बातम्या दूधवाल्याकडून ऐकायचे. मला ते इथे नको होतं. मला त्या दोघांचा रागही आला होता, चांगले बाप्यासारखे बाप्ये आणि असे लहान मुलांसारखे रुसलेले.

दुसऱ्या दिवशी मी जाऊबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. संध्याकाळी भाऊजी हातपाय धुऊन बसले तेव्हा त्या सहज बोलाव्यात तसं म्हणाल्या की एका बोल्टसाठी लोक अख्खं मशीन टाकायला निघालेत. अगदी सासूबाईंच्या सुरात म्हणाल्या असणार, कारण भाऊजींनी चहाचा कप खाली ठेवला आणि पलंगाखालचा पत्र्याचा डबा ओढला. इकडे मी यांना कळवलं की भाऊजी रविवारी येऊन बघणार आहेत, पैसे काही लागणार नाहीत. यांनी जरा वेळ विचार केला. मग म्हणाले, येऊ दे, पण मी बोलणार नाही.

रविवारी सकाळी भाऊजी डबा काखेत मारून आले. आमची बाल्कनी अंधारी, समोरच्या इमारतीने उजेड खाल्लेला, म्हणून यांनी दिवा लावला. मशीन एका अंगावर कलंडवलं. मोटर वर उचलून धरायला एक माणूस आणि खालून बोल्ट बसवायला दुसरा, असं ते काम. एकट्याने होण्यासारखं असतं तर भाऊजींनी कधीच एकट्याने केलं असतं.

"त्याला म्हणावं, जरा वर," भाऊजी म्हणाले.

मी यांच्याकडे वळून म्हटलं, जरा वर. हे म्हणाले, वरच आहे म्हणावं. जाऊबाईंनी ते भाऊजींना सांगितलं. दोघांची डोकी एकमेकांना लागतील इतकी जवळ होती, आणि आम्ही दोघी दोन बाजूंना उभ्या राहून इकडचं तिकडे करत होतो. डावीकडे म्हणावं. कुणाच्या डावीकडे म्हणून विचार. पाना दे म्हणावं. कोणता पाना ते विचार. अर्धा तास हा खेळ चालला आणि बोल्ट काही बसेना, कारण निरोप पोचेपर्यंत मोटर हललेली असायची.

मग जाऊबाई म्हणाल्या, "अगंबाई, मी गॅस चालू ठेवून आले वाटतं."

त्या घरात गॅस चालू राहिला असं म्हणणं म्हणजे काय, ते मला विचारा. त्या माणसांनी भांडं उकळायच्या आधीच गॅस बंद करून झाकणाच्या वाफेवर अर्धा स्वयंपाक उरकलेला आहे. मला एका क्षणात कळलं. मी म्हटलं, चला, मीही बघते, आणि आम्ही दोघी बाहेर मधल्या जागेत येऊन दारामागे उभ्या राहिलो. जाऊबाईंच्या हातात भाऊजींच्याच जुन्या शर्टाचं फडकं होतं. त्या ते घट्ट धरून होत्या.

आत काही बोलणं नव्हतं. पान्याचा आवाज यायचा, थांबायचा. कोणीतरी दमून श्वास सोडला. मला वाटलं, आता मशीन खाली ठेवतील, हे हात धुतील, भाऊजी डबा उचलून निघतील आणि संपेल सगळं.

"दादा, बोट काढ," हे म्हणाले.

काहीतरी धाडकन बसलं. जाऊबाईंनी माझं मनगट पकडलं.

"काढलं," भाऊजी म्हणाले. मग जरा वेळाने, "सोडू नकोस छोट्या, अजून आटे बसायचेत."

छोट्या. आमच्या यांचे कानशिलावरचे केस पांढरे झालेत. बराच वेळ नुसता पाना फिरत राहिला. मग यांनी विचारलं, "हा बोल्ट कुठला?"

"तुला माहितीये कुठला."

"तू तर सगळी भंगारात दिलीस."

"सांगाडा दिला. बोल्ट, आरसा, हॉर्न, सगळं आधी उतरवून घेतलं. टाकवतंय का आपल्याला काही?"

डब्यात हात घातल्यासारखा खळखळाट झाला. त्यातलं काहीतरी यांनी हातात घेतलं असावं, कारण पुढचं बोलताना त्यांचा आवाज खाली गेला. "विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास," भाऊजी म्हणाले. "आणि तू नको म्हटल्यावर मला ती देववली असती का? मग दोघं जन्मभर त्या गंजक्या लोखंडाचं भाडं भरत बसलो असतो."

"भरलं असतं," हे म्हणाले.

इतकी वर्षं मी या घरात आहे, पण असं वाक्य इथल्या कोणाच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. भाऊजींनीही ऐकलं नसावं.

"हो," ते म्हणाले. "भरलं असतं. चुकलं माझं."

जाऊबाईंनी फडक्याने डोळे पुसले आणि मग ते माझ्याकडे पुढे केलं. ग्रीसचा वास येत होता, तरी मीही पुसले.

मशीन सुरू झालं. पहिल्या फेरीला जरा कुरकुरलं, मग नीट लयीत फिरायला लागलं. आम्ही दोघी गॅस बंद करून आल्यासारखा चेहरा करून आत गेलो. दोघं भाऊ फरशीवर बसून काचेतून फिरणाऱ्या पाण्याकडे बघत होते. लहानपणी सासरे स्कूटर सुरू करायचे तेव्हाही असेच बसत असतील. मी चहा टाकला, आणि त्यात साखर मोजली नाही.

चहा झाल्यावर भाऊजी उठले आणि मशीनची नळी काढायला लागले. यांनी विचारलं, काय करतोस? भाऊजी म्हणाले, दोन वर्षं आमचे कपडे तुझ्या मीटरवर धुतले गेले, आता हे माझ्या मीटरवर चालेल. हे म्हणाले, काही गरज नाही. भाऊजी म्हणाले, गरजेचा प्रश्न नाही. हे म्हणाले, मीटरचं तू मला सांगू नकोस, बोल्ट तू दिलास, वीज मी देणार. आवाज चढले. भाऊजींनी मशीन दारापर्यंत ढकलत नेलं, यांनी मागून धरून ठेवलं, आणि ते मधल्या जागेत अडकलं. ते ना इकडे येईना, ना तिकडे जाईना. एकेक पै दाताने उचलणारी ती दोन माणसं, बिल आपल्याच अंगावर यावं म्हणून तावातावाने भांडत होती, आणि दोन्ही दारं सताड उघडी होती.

आम्ही दोघी धुवायच्या राहिलेल्या चादरींची बादली मध्ये ठेवून जिन्याच्या पायरीवर बसलो. तिथून मला आमची बाल्कनी दिसत होती. दिवा तसाच जळत होता, आणि त्या दोघांपैकी एकाच्याही ते लक्षात नव्हतं. मी बंद करायला उठले. जाऊबाईंनी हात धरून मला खाली बसवलं.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "आज परवडतं."