धुरी आडनावाचे चौदा लेख

मित्रांनो, वसईतल्या एका नर्सिंग कॉलेजच्या ग्रंथालयात, खिडकीपासून तिसऱ्या टेबलावर जो पिवळट पडलेला जुना संगणक दिसतो, तो मी. मी कारखान्यातून खोक्यात बंद होऊन आलो नाही. सेबॅस्टियन नावाच्या माणसाने आपल्या लहानशा दुकानात एकेक भाग जोडून मला उभा केला. पहिल्यांदा सुरू झालो तेव्हा त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "चल, आता कॉलेजात जा."

माझ्यातून एका मोठ्या भांडारात जाता येतं. जगभरातले शोधनिबंध तिथे साठवलेले आहेत. जखम कशी धुवावी, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस किती तासांनी बदलावी, यावर कुणीतरी कुठेतरी अभ्यास केलेला असतोच. मुली शब्द टाइप करत आणि मी धावत जाऊन लेख आणत असे. "तीन नंबर फास्ट आहे गं," म्हणत माझ्यापुढे रांग लागायची. मग चपटे, नवे संगणक आले. माझ्या पंख्यात धूळ साचली. तापलो की मी मध्येच गोठायला लागलो. गेल्या महिन्यात माझ्या अंगावर 'बाद' अशी चिठ्ठी लागली.

त्या दुपारी नव्या संगणकांवर परीक्षा चालू होती, म्हणून विनिता माझ्यासमोर बसली. विनिता नर्स. बाळंतपणाची रजा संपवून ती पुढच्या अभ्यासक्रमाला परत आली होती. तिची मुलगी कृतिका तीन महिन्यांची. विनिताने मोबाइल माझ्याशेजारी उताणा ठेवला आणि माझ्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन.

"मिस, एक मदत कराल?" तिने ग्रंथपाल बर्था मिसना हाक मारली. "मला धुरीवर लेख हवाय."

धुरी म्हणजे तुम्हाला ठाऊक असेल. शेगडीत निखारे घ्यायचे, त्यावर ओवा, लसणाची सालं, धूप टाकायचा आणि आंघोळ घातलेलं बाळ त्या धुरावर धरायचं. विनिताची सासू जयवंतीबाई विरारच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये रोज पाच वाजता हे करत. बाळाला वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद करून.

"काल धुरीनंतर मी श्वास मोजले," विनिता हळूच म्हणाली. "मिनिटाला चोपन्न, पन्नासच्या आत हवेत. छातीत सूं सूं आवाज. तासाभराने उतरले. सकाळी डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, धुरापासून लांब ठेवा. तर आई म्हणतात, डॉक्टर सिगरेटबद्दल बोलला असणार."

"मग सरळ नाही म्हण ना, बाय!"

"म्हटलं. आज घरी जाऊन थांबवेनही. पण उद्या मी ड्युटीवर असताना? त्या म्हणाल्या, तीन पोरं धुरीवर वाढवली मी. तू एवढी शिकतेस तर छापलेलं दाखव, त्याच दिवशी शेगडी बंद करते."

तिने इंग्रजी अक्षरांत 'धुरी' टाइप केलं. मी धावलो. चौदा लेख आणले.

"मिळाले!" विनिता अर्धी उभीच राहिली.

बर्था मिसनी चष्मा पुढे ओढला. "थांब. हा लेख खाडीवरच्या पुलाच्या खांबांवर आहे. लेखक, धुरी. हा आंब्यावरच्या तुडतुड्यांवर. हेही धुरीच." त्या खाली खाली वाचत गेल्या. "अगं, तू धूर मागितलास आणि ह्याने धुऱ्यांचं अख्खं कुटुंब आणून उभं केलं!"

मित्रांनो, मला अक्षरं ओळखता येतात, त्यामागचं घर दिसत नाही. कोकणातलं आडनाव आणि बाळाला धुरी द्यायची शेगडी माझ्या लेखी एकच.

विनिताला हसू आलं नाही. तिने इंग्रजीत 'धूर' आणि 'तान्हं बाळ' असे दोन शब्द दिले. या वेळी हजारो लेख आले, आणि पहिली तीन पानं सिगरेटचीच. "हेच तर आई म्हणणार," ती पुटपुटली. तिने यादी खाली सरकवली, पुन्हा सरकवली. माझं अंग तापू लागलं. पंखा घरघरला आणि पडद्यावरचा बाण जागच्या जागी थांबला. मी गोठलो होतो.

"बंद करून चालू करू?" बर्था मिसनी विचारलं.

"त्यात दहा मिनिटं जातील, मिस."

तिने मला धपाटा घातला नाही. माऊसवरचा हात तसाच ठेवून, श्वास रोखून ती थांबून राहिली. मीही जीव खाऊन जोर लावला आणि बाण हलला. चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

"हे बघ," बर्था मिस म्हणाल्या, "धुरीत असतं काय? निखारे. बंद घरात असा धूर आणखी कशाचा असतो?"

"चुलीचा."

"मग चूल टाक. बाळ आणि खोकला सोबत जोड."

तिने टाइप केलं. मी परत गेलो आणि या वेळी आपल्याच देशातल्या गावांमधले लेख घेऊन आलो. विनिता पडद्यावर बोट ठेवून वाचू लागली, इतक्यात मोबाइल वाजला. तिने स्पीकर लावला.

"विनिता, मी बोलते." जयवंतीबाईंचा आवाज. "पाणी आज लवकर जाणार म्हणून निरोप आला. आताच घातली आंघोळ. शेगडी पेटवलीय."

विनिता मोबाइलवर वाकली. "आई, पाच मिनिटं थांबा."

"अगो, ओलं पोर पाच मिनिटांत गारठेल."

"पुसून दुपट्यात गुंडाळा. पण धुरी नको. मला लेख सापडलाय."

"धुरीवर?"

बर्था मिस जोरजोरात मान हलवत होत्या. हो म्हण, हो म्हण! विनिताने माझ्या पडद्याकडे पाहिलं. ओठ दोनदा उघडले, मिटले.

"नाही आई. धुरीवर काही सापडलं नाही मला."

बर्था मिसनी कपाळावर हात मारला.

"चुलीच्या धुरावर सापडलं," विनिता पुढे म्हणाली. "चुलीजवळ असणाऱ्या बाळांना खोकला आणि धाप जास्त लागते, असं लिहिलंय."

पलीकडून कृतिकाची एक उचकी ऐकू आली.

"ह्यासाठी एवढं कॉलेज?" जयवंतीबाई म्हणाल्या. "हे तर माझ्या सासूलाही ठाऊक होतं. माझा प्रितेश झाला तेव्हा तिने पाळणा बाहेर पडवीत बांधला. म्हणायची, चुलीच्या धुराने पोराची छाती भरते."

आपलं बोलणं बहुधा त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. मग दार सरकल्याचा आवाज आला, आणि लगेच निखाऱ्यांवर पाणी पडल्याचा, चर्र असा.

"गॅलरीत नेऊन विझवली," त्या म्हणाल्या. "खिडक्या उघडते. पण ते छापलेलं घेऊन ये हं. वाचून दाखवायचं, आणि मराठीत."

"दाखवते," विनिता म्हणाली. "आई, तिचं पोट वर-खाली होतंय ना, ते मोजाल? मी वेळ सांगते."

तिने माझ्या घड्याळावर नजर लावली. "सुरू."

"एक, दोन, तीन..." एका नर्सला न शोभेल इतक्या जोरात विनिताचं बोट टेबलावर आपटत होतं. तीस झाले. चाळीस झाले. बर्था मिसनी हातातला रुमाल घट्ट धरला होता.

"थांबा!" विनिता म्हणाली.

"चव्वेचाळीस," जयवंतीबाई म्हणाल्या. "आणि माझ्याकडे बघून हसतेय, लबाड."

विनिताने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मित्रांनो, मला इथून लवकरच नेतील. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. यंत्रासमोर बसलात आणि पहिल्या शब्दाने भलतंच काही आणलं, तर रागावून उठू नका. त्या गोष्टीला दुसऱ्या घरात काय म्हणतात, ते आठवून बघा. आणि जे सापडलं नाही, ते सापडलं असं कधीच सांगू नका, कितीही घाई असली तरी. पलीकडे ऐकणाऱ्या माणसाच्या मांडीवर कदाचित एक तान्हं बाळ असेल.