साह्विरानं रडायचं नसतं

शुवाईचा सगळ्यात वाईट गुण हा, की ती माझ्याआधी मेली.

आमच्या दोन घराण्यांत आज्यांपासून साह्विरापण चालत आलंय. एका घरात मयत झालं की दुसऱ्या घरच्या साह्विरानं जायचं, मेलेल्याचे कपडे चढवायचे, त्याच्या चालीनं चालायचं, त्याच्या खोडी चारचौघांत काढायच्या आणि घरच्यांना हसवायचं. तिच्या बोलण्याचा कुणी राग धरायचा नाही, कुणी ते खरंही मानायचं नाही. साह्विरानं रडायचं मात्र नाही. रडणं हा घरच्यांचा मक्ता.

माझा पोरगा तागुमा बस उलटून गेला तेव्हा मी दगड झाले होते. डोळ्यांत टिपूस नाही, पोटात घास नाही. तेवढ्यात शुवाई त्याची विटकी टोपी घालून, त्याच्यासारखाच एक खांदा पाडून अंगणात आली. "आई, मी बकरी विकली नाही गं! बकरीच पळाली! आणि हे नवे बूट? हे रस्त्यात सापडले!" बायका फिस्सकन हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता असा हंबरडा फोडला की अंगणातली कुत्री पळाली. मग तिनं माझ्या हातात मक्याच्या साद्झाचा गोळा ठेवला. "खा. पोराला उपाशी आई आवडायची नाही." मी खाल्लं. ती आली नसती तर मी पोरामागोमाग गेले असते.

त्यानंतर आठवड्यात ज्या वारी शेतात कुदळ लावायची नाही, त्या वारी ती आम्हा बायकांना उंबराखाली जमवायला लागली. कुणाचा नवरा गेलेला, कुणाचं लेकरू. जिनं तिनं आपल्या माणसाची गोष्ट सांगायची. कुणी नुसतं गुणगान लावलं की शुवाई खेकसायची, "मेला म्हणून देव झाला होय? त्याचं घोरणं सांग!" मग ती बाई घोरणं सांगायची, आम्ही हसायचो, रडायचो आणि शेंगा सोलत घरी जायचो. अशी कितीतरी घरं तिनं उभी केली. मी एकदा म्हणाले, "शुवाई, तुझे उपकार…"

"गप गं! आभार परक्यांचे मानतात. मला शिवी दे."

"मर मेले!"

"हां, आता कसं!"

काल तापानं ती गेली. तिची मुलगी रातिझो प्रेताशेजारी बसून होती, कोरडी ठक्क. ते बसणं मी ओळखलं.

आज सकाळी शुवाईच्या नणंदेनं तिचं डोक्याचं फडकं नि एप्रन माझ्या हातात दिलं. फडक्याला तपकिरीचा वास होता. मी ते बांधलं आणि माझ्या तोंडाला कुलूपच लागलं.

"काय गं तागुमाच्या आई," शुवाईचा म्हातारा मामा ओरडला, "जीभ घरी विसरलीस का?"

मग मी सुरू केलं. तिच्यासारखं कमरेवर हात ठेवून फेंगडं चालले. मामाच्या बियरच्या तुंब्यात डोकावले. "एवढीच उरली? मी मरायची वाट बघत होतास होय रे?" लोक पोट धरून हसले. रातिझो हलली नाही.

पेटी खड्ड्यात उतरवली. पुरुषांनी फावडी उचलली. मातीआधी एक गोष्ट सांगायची राहिली होती. ती शुवाईच्या आवाजात सांगता येणार नव्हती. मी कडेला गुडघे टेकले आणि माझ्याच आवाजात म्हणाले, "शुवाई, तुझे उपकार आहेत गं माझ्यावर. तू मला जगवलंस. आता मी कुणाकडे जाऊ?" आणि मला रडू फुटलं. नाक, डोळे, सगळं वाहायला लागलं.

मग मामा मांडीवर थाप मारून म्हणाला, "बघा, बघा! काय हुबेहूब रडायची नक्कल करते! आभार मानतेय, तेही शुवाईचे!"

सगळी माणसं खदखदून हसली. मी हात जोडून सांगत होते, "नक्कल नाही रे, खरं आहे." तेव्हा तर आणखीनच हसली. आणि त्या गदारोळात रातिझो हसली. हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला, "आई गं!" म्हणून ती कोसळली. बायका धावल्या, तिला कुशीत घेतलं, पाणी पाजलं.

माझ्याकडे कुणी आलं नाही. ते काम शुवाईचं होतं.