नाव नसलेल्या बाळाचा दाखला

मित्रांनो, मी एक जुनी काळी सायकल आहे. माझं हँडल उंच आहे, पुढे आणि मागे एकेक कॅरिअर आहे, आणि चेनवर मेणकापडाचं आवरण होतं, त्याच्या आता चिंध्या उरल्या आहेत. हॉलंडच्या दक्षिणेला, सिगारच्या कारखान्यांच्या मुलखात माझं सगळं आयुष्य गेलं. माझे सुटे भाग कुठल्या मोठ्या कारखान्यात घडले ते मला आठवत नाही. मला आठवतो तो गावातला शेफ नावाचा लोहार. त्याने मला जोडलं, माझ्या चाकांच्या तारा ओढून ताणल्या आणि मला दुकानाच्या दारात उभं केलं. तिथून ड्रीक फर्हूफनने मला घरी नेलं.

ड्रीक सिगार वळायचा. तंबाखूचा वास त्याच्या बोटांना लागलेला असे आणि त्याच्या बोटांचा माझ्या मुठींना. लग्न झाल्यावर त्याची बायको नेला माझ्या मागच्या कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसायची.

"तुझ्या या काळ्या घोडीची हाडं टोचतात रे," ती म्हणायची.

"मग चालत ये. घोडी काही म्हणणार नाही," ड्रीक म्हणायचा, आणि ती त्याच्या पाठीत एक धपका घालायची.

आमच्याकडे बाळ जन्मलं की आई अंथरुणात असते आणि बाप गावच्या कचेरीत जाऊन वर्दी देतो. मोठी मुलगी मार्लीस झाली तेव्हा ड्रीक वाटभर माझी घंटी वाजवत गेला. शेतात काम करणारी माणसं कमरेत सरळ होऊन बघायला लागली. कचेरीची खिडकी उघडीच होती. कारकून पेनेनबर्गसाहेबांनी तिच्यातून डोकं बाहेर काढलं.

"काय झालं?"

"मुलगी! मार्लीस!"

"छान! आणि सिगार कुठंय माझी? चांगल्यातली आण हं. झाडून काढलेल्या चुऱ्याची नको."

"साहेब, बाप झालोय आज. आज चांगल्यातलीच!"

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. माझी चेन तेलात असायची, माझं नळकांडं न् नळकांडं पुसलेलं असायचं. रविवारी चर्चबाहेर लोक ड्रीकला म्हणत, "सायकल ठेवावी तर अशी."

नंतर तो फेब्रुवारी महिना आला. नेलाचे दिवस भरत आले होते. एका पहाटे घरात धावपळ झाली, सुईण आली, मागून डॉक्टर आला. मी मागच्या दाराशी उभी होते. मी बाळाच्या रडण्याची वाट बघत होते. मार्लीसच्या वेळी ते मला भिंतीतून ऐकू आलं होतं. या वेळी काहीच ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने फक्त नेलाचा आवाज आला. "मला दाखवा ना. एकदा दाखवा."

"बघू नकोस, पोरी," सुईण म्हणाली. "न बघितलेलं लवकर विसरतं माणूस."

तेव्हा तसंच करत असत. त्या बाईच्या मनात वाईट काही नव्हतं. पण बाळाला चादरीत गुंडाळून दुसऱ्या खोलीत नेलं, आणि आईने ते पाहिलंच नाही. तो मुलगा होता की मुलगी, एवढंही तिला कोणी सांगितलं नाही. तिने विचारलं नाही असं पुढे सगळे म्हणत. खरं म्हणजे तिला विचारायचा धीर झाला नाही, आणि बाकीच्यांना तेच सोयीचं वाटलं.

त्या दिवशी ड्रीकने माझी घंटी वाजवली नाही. बर्फ पडत होता म्हणून त्याने मला कचेरीच्या बोळात, आतल्या भिंतीला टेकवलं. कारकुनाच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं.

पेनेनबर्गसाहेबांनी सगळं लिहून घेतलं. बापाचं नाव, आईचं नाव, मूल निष्प्राण जन्मलं ते.

"आणि बाळाचं नाव?" ड्रीकने विचारलं.

"अशांना नाव नसतं, ड्रीक."

"पण मी..."

"एकदा तरी रडलं का? श्वास घेतला का? नाही ना? मग नावाला जागाच नाही यात. मी तरी काय करू?" पेनेनबर्गसाहेबांचा आवाज मऊ झाला. "घरी जा. नेलाकडे बघ. पुढचं येईल."

त्या आठवड्यात हे शब्द मी फार ऐकले. पुढचं येईल. पाववाला म्हणाला, शेजारीण म्हणाली, पाद्रीबुवाही म्हणाले. पाद्रीबुवा आणखी एक गोष्ट म्हणाले. बाप्तिस्मा झालेला नसल्यामुळे बाळाला दफनभूमीत इतरांबरोबर जागा मिळणार नव्हती. कुंपणापलीकडे, मागच्या कोपऱ्यात एक तुकडा होता, तिथे पुरायचं.

ड्रीकने कारखान्यातून सिगारच्या खोक्यांच्या पातळ फळ्या आणल्या आणि घरामागच्या खोपटात बसून एक लहानशी पेटी केली. तिला तंबाखूचा आणि गोडसर लाकडाचा वास येत होता. ती पेटी त्याने माझ्या पुढच्या कॅरिअरवर ठेवली आणि दोरीने बांधली. मग दोरी सोडली आणि एका हाताने पेटी धरून, दुसऱ्या हाताने हँडल धरून तो मला ढकलत चालत निघाला. तो माझ्यावर बसला नाही. मी इतकी वर्षं बटाट्याची पोती वाहिली, कोळसा वाहिला, माणसं वाहिली. त्या पेटीला वजनच नव्हतं, आणि तरी माझं हँडल सरळ राहत नव्हतं.

त्याने मला कुंपणाच्या आतल्या बाजूला, कुंपणाला लागूनच असलेल्या पाण्याच्या पंपाला टेकवलं आणि पलीकडे खणायला सुरुवात केली. गोठलेली माती सुटत नव्हती. शेवटी त्याने टोपी काढली आणि काहीतरी पुटपुटला. वारा होता, मला ऐकू आलं नाही.

पुढे दोन मुलगे झाले. घर भरलं. पण दर शनिवारी कारखान्यातून येताना ड्रीक मला दफनभूमीच्या मागच्या रस्त्याने न्यायचा आणि त्या पंपाशी थोडा वेळ थांबायचा. घरी उशीर व्हायचा. नेला दारातच उभी असायची.

"एवढा वेळ? वाटेत कोण बसलीय तुझी, जिला भेटल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही?"

"कोणी नाही," ड्रीक म्हणायचा आणि मला खोपटात ठेवायला यायचा. माझ्या सीटवर हात ठेवून तो तसाच उभा राहायचा. मला वाटायचं, आत जा, सांगून टाक तिला. पण त्याला वाटत होतं की ती विसरली आहे. तिला वाटत होतं की तो विसरला आहे. एकमेकांना दुखवू नये म्हणून दोघंही गप्प राहिली, मित्रांनो, आणि अशी त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली.

कारखाना बंद पडला. मुलांनी मोटारी घेतल्या. मी खोपटात बटाट्यांच्या मागे गेले. माझ्या टायरांना भेगा पडल्या, चाकांत कोळ्यांनी जाळी केली. मला वाटलं, आपलं संपलं. पण ड्रीकचे गुडघे गेले, आणि डॉक्टरने दिलेली चाकांची खुर्ची बघून तो म्हणाला, "हे म्हाताऱ्यांचं आहे." त्याने मला बाहेर काढलं. तेव्हापासून तो माझ्यावर बसत नसे, माझ्या आधाराने चालत असे.

एका सकाळी मार्लीस आली. तिचेही केस पांढरे झाले होते. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, मी खालीच उभी होते.

"आई, वर्तमानपत्रात आलंय," ती जपून म्हणाली. "निष्प्राण जन्मलेल्या मुलांची आता नावानिशी नोंद करता येते. कितीही जुनं असलं तरी. दाखलाही मिळतो."



"मला तो हवाय," नेला म्हणाली.

"कशाला आता उकरून काढायचं?" ड्रीक म्हणाला.

"उकरायला, पुरलंय कुठे ते तरी सांगितलंस का मला कधी?"

ड्रीकने कॉफीचा कप खाली ठेवला. पुढच्या मंगळवारी आम्ही निघालो.

गावची जुनी कचेरी कधीच बंद झाली होती. आमचं गाव शेजारच्या शहराला जोडलं गेलं होतं, आणि शहरातला एक कारकून दर मंगळवारी आमच्या वाचनालयात येऊन बसत असे. दारातल्या माणसाने अडवलं.

"आजोबा, सायकल आत नाही नेता येत."

"मग मीही आत येत नाही. हिच्याशिवाय मी पडतो."

"येऊ दे त्यांना," आतून आवाज आला. टेबलामागे आय्सेल नावाची तरुण बाई बसली होती. तिने खुर्ची सरकवून मला जागा केली. जुनी नोंद शहराच्या दप्तरखान्यातून मागवावी लागेल, ती म्हणाली, पण अर्ज आत्ताच भरू या. तिने आईबापांची नावं विचारली, तारीख विचारली.

"मुलगा की मुलगी?"

नेलाने मान वळवून ड्रीककडे पाहिलं.

"मुलगी," ड्रीक म्हणाला.

"तुला काय माहीत?"

"मी पेटी बंद करायच्या आधी बघितलं. तुझ्यासारखी हनुवटी होती."

"मुलगी," नेला म्हणाली. "अरे देवा. आणि मी इतकी वर्षं मुलगा समजून रडले. मनातल्या मनात त्याला शाळेत घातलं, त्याचं लग्न केलं..." मार्लीसने तिचा हात धरला.

आय्सेलने पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. मग हळूच म्हणाली, "नाव काय लिहू?"

"नाव नाही ठेवलेलं," नेला म्हणाली. "ठेवूच दिलं नाही."

"आहे," ड्रीक म्हणाला. "आगाथा. त्या दिवशी संत आगाथाचा सण होता. मला दुसरं काही सुचलं नाही. तिला तसंच कसं ठेवणार मातीत? मी तिथेच ठेवलं नाव."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू विसरली होतीस ना."

"मूर्खा," नेला म्हणाली. तिने त्याच्या पाठीत धपका घालायला हात उचलला, पण तो हात तिथेच त्याच्या कोटावर टेकून राहिला.

दाखला आला तेव्हा चेरी फुलल्या होत्या. त्यावर लिहिलं होतं, आगाथा फर्हूफन, आणि खाली दोघांची नावं. नेलाने अक्षरांवरून बोट फिरवलं.

"यावर काय बोलायचं असतं ते मला कळत नाही," आय्सेल म्हणाली. "दुःख झालं म्हणू, की..."

"मूल झालं की आमच्यात अभिनंदन म्हणतात. मला तिच्यासाठी कोणीच म्हटलं नव्हतं."

"अभिनंदन, आजी," आय्सेल म्हणाली, आणि तिचेच डोळे भरून आले.

तिथून ड्रीकने आम्हाला दफनभूमीत नेलं. गेल्या काही वर्षांत त्याला तिथवर चालवत नव्हतं. तेवढ्या काळात सगळं बदललं होतं. कुंपण काढलं होतं. पंप नव्हता. सगळीकडे बारीक खडी पसरली होती आणि अस्थिकलशांसाठी एक नवी लांब भिंत उभी होती.

"इथे," ड्रीक म्हणाला. दोन पावलं गेला. "नाही, इथे असेल." तो मागे वळला, पुढे गेला, माझ्या मुठी घट्ट धरून उभा राहिला. "नेला, मला सापडत नाही."

"असू दे," ती म्हणाली. "असू दे रे." पण ती खडीकडेच बघत होती. हातात दाखला होता, आणि फुलं ठेवायला जागा नव्हती.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत ड्रीक गेला. मी पुन्हा खोपटात आहे. नेला मधूनमधून मार्लीसबरोबर तिथे जाते आणि भिंतीच्या कुठल्याही एका टोकाशी फुलं ठेवून येते.

मित्रांनो, भिंतीचं उजवं टोक जिथे संपतं, तिथे पंप होता. मी त्या पंपालाच टेकून उभी होते. माझ्या पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर त्याने खणलं होतं. हे जगात आता फक्त मला ठाऊक आहे, आणि मला बोलता येत नाही. मला तेल घाला, माझ्या टायरांत हवा भरा असं मी तुम्हाला सांगणार होते, पण त्याचं एवढं काही नाही. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून बोलता येतंय. त्यांना एकदा विचारा, तुम्हाला मुलं किती झाली? आणि त्यांनी आकडा सांगण्याआधी जरासं थांबून तुमच्याकडे पाहिलं, तर तिथून उठू नका.