उपासाला चालणारं दूध

डॉक्टरीणबाईंनी पेनचं टोपण काढलं तशी तेजश्री खुर्चीत पुढं सरकली. तिच्या पाच वर्षांच्या लेकीला, तन्वीला, जन्मापासून थायरॉईडची गोळी चालू होती, आणि आजच्या रिपोर्टात टीएसएचचा आकडा नको तेवढा चढलेला होता, म्हणजे गोळी कमी पडत होती.

"डोस बढ़ाना पड़ता," हैदराबादच्या नल्लकुंट्यातल्या त्या तेलुगू डॉक्टरीणबाई आपल्या दक्खनीत म्हणाल्या. "खाली पेटच देते ना, अम्मा?"

"हो तर." तेजश्रीच्या आधी तिच्या सासूबाई, मालनबाई बोलल्या. "हमारी बहू घड्याळ लावके देती. साडेछे म्हणजे साडेछे."

तेजश्री रिपोर्टाची घडी घालत राहिली. खोटं कुठं होतं त्यात? उपाशीपोटीच तर देत होती. नुसत्या पाण्याबरोबर तन्वी गोळी थुंकायची, म्हणून सहा महिन्यांपासून ती चुरून कपभर दुधात. दूध काय, एकादशीलाही चालतं. दुधानं उपास मोडत नाही, हे घरात कुणी कुणाला शिकवावं लागत नव्हतं.

पण काल रिपोर्ट हातात आल्यावर तिनं गोळ्यांच्या डब्यातला घडी घातलेला कागद प्रथमच उलगडला होता. गोळी दुधाबरोबर देऊ नये, असं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. आता बोललं नाही तर डोस वाढेल. मग घरी जाऊन गुपचूप दूध बंद केलं, तर वाढलेली गोळी पुरी अंगात जाऊन एवढ्याशा जिवाची छाती धडधडेल. आणि बोललं, तर सासूबाईंनी आत्ताच मिरवलेलं ते घड्याळ त्यांच्यासमोरच खोटं पडणार.

पेन कागदाला टेकलं.

"मॅडम, दूध में देती थी मैं," तेजश्री म्हणाली. "कप भर के."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "गोली आँत से खून में जाना, अम्मा. खून में उसे उठाके ले जाने वाले रहते, हमाल जैसे. दूध का कैल्शियम उसे आँतमेंच पकड़ लिया. समझो काचीगुडा स्टेशन पे हमाल खड़े हैं, गाड़ीच नहीं आई." डोस तोच ठेवून त्यांनी लिहिलं: फक्त पाणी, तासभर काही नाही, दीड महिन्यानं पुन्हा रक्त.

परतताना ऑटो बरकतपुऱ्याला आला. मालनबाई म्हणाल्या, "दुधात घाल म्हणून मीच सांगितलं होतं. माझं नाव का नाही घेतलंस गं?"

"वाचता मला येतं, आई."

वाचता येत होतं, एम.कॉम. झाली होती, दुधावरची साय चिमटीनं काढून ती पोरीला पाजत होती. आणि तीच पोर अक्षरं गिरवता गिरवता पेंगली की तिला 'म्हशीसारखी सुस्त' म्हणायची. गेल्या महिन्यात बूट घालायला उशीर केला म्हणून डाव्या हातावर चापटही मारली होती. अंगात गोळी पोचतच नव्हती म्हणून ती सुस्ती. गाडीच आली नव्हती, आणि ही फलाटावरच्या माणसांना मारत होती.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला चमचाभर पाण्यात गोळी. तन्वीनं तोंड वेडंवाकडं केलं.

"दूध?"

"तासाभरानं."

"मग तू पण चहा नक्को."

तेजश्रीनं ओतलेला चहा पातेल्यात परत ओतला. साडेसातला दूध पिऊन तन्वी दाराशी एक बूट मांडीवर घेऊन बसली, नेहमीसारखी तंद्रीत. खाली शाळेच्या ऑटोचा भोंगा वाजला. पुन्हा वाजला. तेजश्री तिच्याजवळ फरशीवर बसली.

"आज ओरडली नाहीस," तन्वी म्हणाली. "ऑटो गेला तर?"

"जाऊ दे. मी सोडते."

तन्वीनं तिच्याकडं नीट बघून घेतलं, आणि डावा हात हळूच बुटावरून काढून मांडीखाली ठेवला.