आठवा तुकडा

गाँत्राँसाहेबांनी सभागृहाच्या भिंतीवर तक्ता चिकटवला तेव्हाच माझं डोकं तापायला लागलं होतं. जानेवारीतला तीन राजांचा रविवार, म्हणजे ते राजे बाळ येशूच्या दर्शनाला आले तो सण. मिस्सा नुकतीच संपलेली, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि आम्ही सातजण मे महिन्यातल्या यात्रेचं ठरवायला बसलो होतो. आमच्या सँ-वेरान गावातून काँकच्या मठापर्यंत एकशे ऐंशी किलोमीटर, दहा दिवस, पायी.

पायी म्हणायचं आपलं. पिशव्या गाडीतून पुढे जाणार होत्या. मुक्कामाच्या प्रत्येक घरात सात खाटा राखून झाल्या होत्या. गाँत्राँसाहेब आयुष्यभर रस्त्यांची मोजणी करून निवृत्त झालेले. त्यांच्या तक्त्यात निघायची वेळ, पोचायची वेळ, ताशी साडेचार किलोमीटर, जेवणाला चाळीस मिनिटं, सगळं होतं. मी वाट बघत होते, प्रार्थना कुठे येते त्याची. ती "इतर" या रकान्यात होती.

आमचे जुने फादर एमार असते तर त्यांनी त्या रकान्यावर अर्धा तास प्रवचन केलं असतं, आणि तेही गाऊन. बोलता बोलता ते मध्येच स्तोत्राचा सूर धरायचे, आणि मागच्या बाकावरून आन्सेल्म तो उचलायचा. आन्सेल्मला वाचता येत नाही, पण दीडशेच्या दीडशे स्तोत्रं त्याला तोंडपाठ आहेत. मी पेटी वाजवायचे. अजूनही वाजवते, पण आताचे फादर मोराँ चौदा गावं सांभाळतात. त्यांचं प्रवचन सात मिनिटांचं असतं आणि त्यांचं लक्ष गाडीच्या किल्लीकडे. माणूस वाईट नाही, नुसता दमलेला.

त्या दिवशी आन्सेल्मही तिथेच होता. शेगडीसाठी लाकडं त्यानेच आणली होती, आणि लाकडाच्या पेटीवर टोपी मांडीवर घेऊन तो बसला होता. त्याचं घर यात्रेच्या वाटेवरच आहे. सव्वीस वर्षं त्याने फाटकाशी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्या यात्रेकरूंना पाणी पाजलं. प्रत्येकाला एकच सांगायचा, "काँकला माझ्यासाठी एक प्रार्थना म्हणा." स्वतः कधी गेला नाही, कारण ज्याच्या गोठ्यात दुभती जनावरं आहेत त्याला एका दिवसाचीही सुट्टी नसते. गेल्या नोव्हेंबरात, सँ-मार्तँच्या सणाला, त्याने गाई विकल्या. व्यापाऱ्याची गाडी वळणाआड गेली आणि तो तसाच, गोठ्यातल्या बुटांनी, माझ्या दारात आला.

"झेली," म्हणाला, "आता मी चालू शकतो."

आम्ही दोघं एकाच वर्षी पहिल्या कम्युनियनला बसलेले. अडुसष्ट वर्षांच्या माणसाच्या चेहऱ्यावर मी तो सातवीतल्या पोराचा आनंद बघितला, आणि त्याचं नाव मी स्वतः नेऊन गाँत्राँसाहेबांना दिलं.

तक्त्यावर ते नाव नव्हतं.

मी विचारलं. गाँत्राँसाहेब अगदी सौजन्याने म्हणाले की आन्सेल्मचा खुबा दुखतो, तो ताशी तीनच्या वर जात नाही, सगळ्यांचे मुक्काम चुकतील. शिवाय खाटा सातच. पण त्याने मनाला लावून घेऊ नये. त्याने आपली प्रार्थना चिठ्ठीवर लिहून द्यावी, म्हणजे झेलीबाईंनी लिहून द्यावी, आम्ही ती काँकला वेदीवर ठेवू. बेसे बहिणींनी माना हलवल्या. औषधवाल्या क्लोव्हीसने "छान कल्पना" म्हटलं. फादरांनी कॉफी ढवळली. साखर त्यांनी टाकलीच नव्हती.

आन्सेल्म म्हणाला, "बरं." एवढंच. मी दात आवळून गप्प राहिले, आणि त्या गप्प राहण्याचा राग मला आजही आहे.

मग राजांचा केक आला. बदामाचं सारण भरलेला, कडा खरपूस. वाटायची रीत आमच्याकडे ठरलेली: जमलेल्यांत जो वयाने लहान, तो टेबलाखाली जायचा आणि प्रत्येक तुकड्याला नाव पुकारायचा, म्हणजे कापणाऱ्याला पक्षपात करता येत नाही. आमच्यात लहान म्हणजे गाँत्राँबाई, ओदील, वय एकोणसाठ. गुडघे धरून, कण्हत त्या खाली उतरल्या. क्लोव्हीस म्हणाला, वर काढायला बैलजोडी लागेल. खालून उत्तर आलं, "आधी तुमच्या औषधांनी गुडघा बरा करून दाखवा."

सुरी फिरली. "हा कुणाचा?" "फादरांचा." "हा?" "झेलीचा." अशी सात नावं झाली. उरला आठवा.

"हा कुणाचा?"

"हा गरिबाचा," खालून ओदील म्हणाल्या.

तीही रीतच. एक तुकडा दार ठोठावणाऱ्या अनोळखी गरिबासाठी झाकून ठेवायचा. ओदीलबाईंना टेबलाखालून आन्सेल्म दिसत नव्हता हे मी मान्य करते. त्यांच्या डोक्यात नवऱ्याची यादी होती. पण आम्ही बाकीचे तर वर होतो. डोळे उघडे होते. चार हातांवर एक माणूस टोपी मांडीवर घेऊन बसला होता, त्याच्याच लाकडांची ऊब आम्ही घेत होतो, आणि आमच्यातल्या एकालाही वाटलं नाही की आम्ही आठ आहोत. मलासुद्धा नाही. मी माझा तुकडा खायलाही लागले होते, देवा.

केकमध्ये चिनी मातीचा एक इवलासा दाणा लपवलेला असतो. ज्याला मिळेल तो त्या दिवसाचा राजा. सगळ्यांनी जपून चावलं; ओदीलबाईंचा तुकडा आम्ही टेबलाखालीच दिला होता. कुणाच्याच दाताला काही लागलं नाही. सगळ्यांचे डोळे रुमालाखालच्या बशीकडे वळले.

गाँत्राँसाहेब हसून म्हणाले, "आता या बर्फात कोण गरीब येणार? कापा तो, सात भाग करा. राजा तर व्हायलाच हवा."

त्यांनी सुरी उचलली आणि मी बशी ओढून घेतली.

पुढे काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. आवाज चढला होता हे नक्की, कारण ओदीलबाई टेबलाखालीच थांबल्या. पण एवढं आठवतं. "गाँत्राँसाहेब," मी म्हटलं, "तुमच्या पिशव्या गाडीतून जाणार, याची प्रार्थना तुमच्या खिशातून जाणार. मग यात्रेला जाणार कोण? जो येणार नाही त्याच्यासाठी तुम्ही केक राखता, आणि जो आलाय त्याच्यासाठी खाट नाही. बाळ येशूच्या गोठ्यात पहिले मेंढपाळ पोचले. त्यांना दारात कुणी वेग विचारला होता का?"

मग फादरांकडे वळले. "आणि फादर, तुम्ही ती कॉफी किती ढवळणार?"

फादर मोराँ लालबुंद झाले. पण उठले. बशी माझ्या हातातून त्यांनी घेतली, आन्सेल्मसमोर जाऊन दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाले, "माफ करा. हा पहिल्यापासून तुमचा होता."

आन्सेल्मने सावकाश खाल्लं. तो सगळंच सावकाश करतो. तिसऱ्या घासाला थांबला, जिभेवरून दाणा काढला, रुमालाला पुसला. बेसे बहिणींतल्या धाकटीने सोनेरी कागदाचा मुकुट पुढे केला. त्याने तो घातला नाही, टोपीत ठेवला.

"राजाला काहीतरी मागता येतं ना?" त्याने विचारलं.

फादरांनी मान डोलावली.

"मग चिठ्ठी नको. संध्याकाळी काँकला यात्रेकरूंसाठी गातात, तिथे उभं राहून मला स्वतः गायचंय. कधी पोचलो तरी चालेल."

गाँत्राँसाहेब पुटपुटले की खाटा खरोखरच सात आहेत. मी म्हटलं, माझं नाव खोडा. ते म्हणाले, झेलीबाई, मग वाटेत आम्हाला गाऊन कोण दाखवणार? मी म्हटलं, गाणंही प्रार्थनेबरोबर "इतर"मध्येच असेल, त्या रकान्यालाच विचारा.

तेव्हापासून आमची आखणी माझ्या स्वयंपाकघरात चालते. नकाशाच्या कोपऱ्यांवर माझ्या लेस विणायच्या लाकडी फिरक्या ठेवलेल्या. रोज बारा किलोमीटर, पंधरा दिवस, ईस्टरनंतरच्या सोमवारी निघायचं. खाट एकही राखलेली नाही. आन्सेल्मला एकच काळजी, फाटकाशी पाणी कोण देणार. त्याने नळाला साखळीने पेला बांधलाय आणि रोज जाऊन ओढून बघतो.

काल ओदीलबाई आल्या. दारातच उभ्या, हातात घडी केलेला कागद. डॉक्टरांनी गुडघा बघितला. साडेचारच्या वेगाने जमणार नाही म्हणाले. तक्त्यावर त्यांच्या नावासमोर नवऱ्याने प्रश्नचिन्ह काढलंय. तुम्ही माझी ही चिठ्ठी तेवढी न्याल का, असं त्या खालच्या मानेने म्हणाल्या.

माझ्या ओठांवर उत्तर तयार होतं, आणि ते काही ख्रिस्ती माणसाला शोभणारं नव्हतं. पण आन्सेल्म माझ्या आधी बोलला. कागदाला त्याने हातही लावला नाही. खुर्ची मागे ओढून त्यांना बसायला दिली.

"चिठ्ठी नको, ओदीलबाई," तो म्हणाला. "तुम्हीच या. आम्ही हळूच चालतो."